क्लोरीन खाली बसतो

शमीमआपा कुणाच्या बापाची फॅन नव्हती.

हे आधीच सांगते, कारण सकाळपासून एक पोस्ट फिरतेय.

मोठ्ठा लेखक आहे. थ्रिलरवाला. एअरपोर्टवर ज्याच्या पुस्तकांचे ढीग लावतात, तो.

त्याने लिहिलंय, "माझी एक चाहती गेली. शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या. माझ्या गॅसगळतीच्या सीनवर त्यांचं विशेष प्रेम होतं."

सोबत आपाबरोबरचा सेल्फी. खाली स्वतःच्याच पुस्तकाचं कव्हर.

डोकं सटकलंय माझं.

आपा आयुष्यात कधी शाळेत शिकवायला गेली नाही. नवी मुंबईत पावण्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होती, रिटायर होईपर्यंत. मूळची श्रीवर्धनची. आणि त्या सीनवर प्रेम? तो सीन वाचल्यापासून ते पुस्तक तिच्या घरात शू-रॅकवर पडलेलं असायचं!

माणूस मेल्यावर तरी नीट विचारून लिहा रे.

सीवूड्सला आमची दारं समोरासमोर. मी साताऱ्याची, ती कोकणी मुसलमान, आणि दोघींना थ्रिलरचं व्यसन. दुपारचा चहा झाला की ती मोठ्याने वाचायची, मी ऐकायची. मध्येच ती ओरडायची.

"वर्षा, हे ऐक. क्लोरोफॉर्मचा रुमाल लावला नि माणूस दोन सेकंदांत आडवा! अगं, दोन सेकंदांत माणूस फक्त शिव्या देतो."

"भर ओहोटीला खाडीत स्पीडबोट! चिखलात रुतून बसला असता मेला."

असल्या चुका ती माफ करायची. हसून हसून ठसका लागायचा तिला. "जाऊ दे गं, त्याला पण पोट आहे," म्हणायची.

एक चूक मात्र तिने माफ केली नाही.

त्या पुस्तकात क्लोरीन लीक होतो आणि हीरो अख्ख्या बिल्डिंगला घेऊन बेसमेंटमध्ये लपतो. सगळ्यांचा जीव वाचतो. टाळ्या.

क्लोरीन हवेपेक्षा जड असतो हो. तो खाली बसतो. तुम्ही बेसमेंटमध्ये गेलात की तोही तुमच्या मागोमाग जिना उतरतो.

आपाने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. कंपनीत एकदा लीक झाला, तेव्हा तिच्यासोबतचा साळवी घाबरून पंपाच्या खड्ड्यात जाऊन बसला. बाकीच्यांना घेऊन आपा गच्चीवर चढली. साळवी वर आलाच नाही.

त्याचं नाव निघालं की ती चहाचा कप खाली ठेवायची.

मग आमच्या सोसायटीत मॉक ड्रिल झालं. पावण्याच्या कंपन्या काही फार लांब नाहीत, म्हणून सेक्रेटरी जाधवकाकांनी गॅसगळतीचंच ठेवलं.

शिट्टी वाजली. आणि काय सांगू, अख्खी सोसायटी बेसमेंट पार्किंगमध्ये!

कुकर बंद करून मीपण धावले, आपाचं सगळं ऐकलेलं असून. सगळ्यांच्या पुढे जाधवकाका. "चला चला, खाली चला! त्या पुस्तकात वाचलंय ना!"

घरोघरी तेच पुस्तक. कुणालाच वेगळं काही वाटलं नाही.

आपा जिन्यात उभी राहून किंचाळली, "मेलात सगळे! वर या आधी!"

आम्ही हसलो. मग बघितलं तर ती रडत होती.

त्यानंतर तिने लेखकाला ईमेल केले. उत्तर नाही. वाशीला तो सह्या द्यायला आला, तेव्हा गुडघे दुखत असताना लाइनीत उभी राहिली. मी होते सोबत.

"अहो, पुढच्या आवृत्तीत एवढं एक पान बदला. लोक खरं धरून चालतात."

तो हसला. "मॅडम, फिक्शन आहे. लोड नका घेऊ."

सही केली आणि सेल्फी काढला. आज लावलाय तो हाच. त्यात आपाचा चेहरा बघा आणि मला सांगा, हे प्रेम आहे?

अरे, तुझा व्हिलन उडू दे, मंगळावर जाऊ दे, आमचं काही म्हणणं नाही. पण जीव कसा वाचवायचा हे सांगतोयस, तर एक फोन करून विचारायला काय झिजतं तुझं?

गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती आली. आपा नेरूळला हॉस्पिटलमध्ये होती. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली, "ते पान बघ गं."

बघितलं. तेच बेसमेंट. एक अक्षर बदललं नव्हतं.

मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "मग तू सांग सगळ्यांना."

काल आपा गेली.

तर सांगते. RIP लिहू नका, फुलांचे इमोजी टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना एवढंच सांगा: आग लागून धूर झाला तर खाली वाका. पण क्लोरीन सुटला तर वर चढा, वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, बेसमेंटमध्ये मरायला जाऊ नका.

काल आपाला माती देऊन जाधवकाका परत आले. ड्रिलच्या वेळी जिन्यात चिकटवलेला, पार्किंगकडे जाणारा बाण त्यांनी नखांनी खरवडून काढला आणि गच्चीकडे तोंड करून नवा लावला.

तुझं पान बदललं, आपा. आपल्या जिन्यात तरी बदललं.

खुदा हाफिज.