हिराकाकीचा संशय

हिराकाकी स्वतःच्या मुलाच्या होडीतून आलेलं पापलेटसुद्धा कल्ला उघडून बघितल्याशिवाय टोपलीत घालत नसे. काशिनाथ चिडायचा. "आये, आत्ताच पकडून आनलंय."

"पकडलास तू. मी नव्हते तिकडं."

पाचूबंदरला आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. काकी पहाटे बाजाराला जाई. सून मंदा घर आणि दोन मुली बघायची. संध्याकाळी काकी परतली, की पाय धुवायच्या आधी घरभर फिरे. पिंपात हात घालून पाणी बघे, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटून बघे, नातींच्या केसांत बोटं फिरवी. मंदा मला ऐकू येईल असं म्हणायची, "फौजदार आले गो."

मुलींना शाळेतून आणायला निघालेल्या मंदाला पाण्याच्या टँकरने उडवलं. दहावं व्हायच्या आत टँकरच्या विमा कंपनीचा एक गोड बोलणारा माणूस कागद घेऊन आला. सही केली की लगेच भरपाई, कोर्टात जायला नको, म्हणाला. काशिनाथ सही करायला बसलाही. काकीने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "याला एवढी घाई कसली, ते आधी इचार."

मग काकीने वकील गाठला, पण त्याच्यावरही तिचा विश्वास नव्हता. "समोरच्या वकिलासंगती चहा पितो. मी बघितलं." माझ्यावरही नव्हता. "तुझ्याकडं कोन चौकशीला आलं होतं?" मी नाही म्हटलं. "माझ्याकडं बघून सांग," ती म्हणाली.

ठाण्याच्या कोर्टात धाकटीला सांभाळायला मी गेले होते. विमा कंपनीच्या वकिलाने काशिनाथला विचारलं, बायको काय करायची? काशिनाथ ताठ उभा राहिला. "काय नाय, साहेब. तिला मी कधी टोपली उचलू दिली नाय. घरीच होती." आमच्याकडे पुरुष हे अभिमानाने सांगतात. वकील हसून खाली बसला. आमच्या वकिलाचा चेहरा उतरला, तेव्हा मला कळलं, जी काहीच करत नव्हती तिची भरपाई ती किती; मुलींचा हक्क त्या एका वाक्यात बुडत होता.

नंतर काकीची पाळी आली. विमा कंपनीचा वकील पुन्हा उठला. "आजी, तुम्ही दिवसभर बाजारात. सून काम करायची की झोपायची, तुम्हाला काय माहीत?"

"मना? मी संशयी बाय हाय, साहेब. बंदरात कोनालाही इचारा. रोज संध्याकाळी सगलं तपासायची. पानी भरलेलं, बोंबील वाळलेले, पोरी न्हालेल्या, जेवलेल्या, धाकटीच्या कानात औषध घातलेलं. लग्न होऊन आली तवापासून चूक शोधते, गावली नाय. ती गेली नि पोरींसाठी मना घरी बसावं लागलं. बाजारातली माझी जागा दुसरीनं धरली. मंग मी धंदा करायची तो कोनाच्या जिवावर?"

न्यायाधीशांनी तिला सावकाश बोलायला सांगितलं, ते लिहून घेत होते. काकी म्हणाली, "काय लिवलं ते वाचून दाखवा."

पुढे निकाल मुलींच्या बाजूने लागला. पैसे त्यांच्या नावाने बँकेत आहेत ना, हे काकी मरेपर्यंत जाऊन विचारून येई. पण मला आठवते ती त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर बसलेली काकी. समोर चहा निवत होता. मी म्हटलं, "काकी, चांगलं बोललात."

तिने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "कोर्टाला सांगितलं गो. तिला एक दिस सांगितलं नाय."