दोन दिवसांची भिलाई आणि उसना पाटा

नागपूरला अंगणात आई माझ्या वेण्या घालत होती, प्रकाश तिच्या पाठीवर रेलून दूध प्यायचं टाळत होता आणि मीना माझ्या रिबिनीचं दुसरं टोक चघळत होती, तेव्हा पोस्टमननं बाबांचं कार्ड टाकलं. आईनं कार्ड वाचलं, बाजूला ठेवलं आणि अर्धवट राहिलेली वेणी पुरी केली. मग म्हणाली, "शनवारी भिलाईले जायचं हाय. रविवार धरून दोन दिवस."

लहान मुलांना घेऊन भिलाईला शनिवार-रविवार जावं का, असं या ब्लॉगवर बऱ्याच जणी विचारतात. मी तशी सहल एकदाच केली, साठ सालाच्या आसपास. कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती आणि बाकीचं गाव अजून पायाच्या खड्ड्यांतच होतं. तेव्हा माहिती थोडी जुनी आहे.

कार्डातला मजकूर असा. बाबा कारखान्यात फिटर होते आणि त्यांना दोन खोल्यांचं फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. अट एकच, फॅमिली तिथं राहिली पाहिजे. फॅमिली, म्हणजे आम्ही, नागपूरला आईच्या माहेरी, आजोबांकडे राहत होतो. आई भिलाईला यायला तयार नव्हती, कारण मला कॉन्व्हेंटमध्ये जागा मिळावी म्हणून तिनं दोन वर्षं शाळेच्या फाटकाशी खेपा घातल्या होत्या आणि भिलाईच्या शाळा अजून नकाशावरच होत्या. आता रविवारी इस्टेट ऑफिसचा माणूस घरोघर तपासणीला येणार होता. कुटुंब दिसलं नाही तर क्वार्टर जाणार आणि बाबा पुन्हा बराकीत, एका खोलीत आठ जण. बाबांनी लिहिलं होतं, दोन दिवस येऊन दिसून जा.

सकाळची पॅसेंजर धरा. आता गाड्या चार-पाच तासांत नेतात. आमच्या गाडीला दुर्ग गाठायला सगळा दिवस लागला. माझं आणि प्रकाशचं अर्धं तिकीट होतं. मीना सव्वातीन वर्षांची होती, पण रेल्वेत ती अडीचचीच असायची. गोंदियाला पुरीभाजी घ्यावी, भाजी पातळ असते पण पुरी गरम मिळते. पुढं बोगदा येतो तेव्हा खिडकी लावायची, नाहीतर इंजिनाचा धूर सगळा डब्यात. आम्हाला हे ठाऊक होतं, कारण आजोबा रेल्वेत गार्ड होते. तरी प्रकाशनं खिडकी उघडली. डोंगरगढला टेकडीवरचं देऊळ दिसलं तेव्हा आई त्याचे कान पुसत होती.

दुर्गला बाबा उभे होते. तिथून एका ट्रकनं नेलं, आई आणि मीना ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागं सिमेंटच्या पोत्यांवर. रस्ता म्हणजे लाल मुरूम. भिलाईत उतरलो तेव्हा आम्ही पाचही जण एका रंगाचे होतो. धुराड्यांमागचं आकाश तांबडंलाल झालं होतं.

"बाबा, आग लागली का?" प्रकाशनं विचारलं.

"नाई रे. ड्युटी चालू हाय."

क्वार्टर पाहून आई दारातच थांबली. दोरीवर एक फ्रॉक वाळत होता. तो आमच्यापैकी कुणाचाही नव्हता.

"हे कोणाचं?"

"उसनं हाय. पंधरा दिवसांपासून वाळून राहिलं," बाबा म्हणाले.

आत पाटा-वरवंटा होता, एक पाळणा होता, लाटणं-पोळपाट होतं. त्या ओळीत बऱ्याच जणांची कुटुंबं गावाकडे असत, त्यामुळे तपासणी आली की संसार या घरातून त्या घरात फिरत असे. शेजारच्या कुंदामावशी भंडाऱ्याच्या. त्यांच्याकडे खरोखरच सगळं होतं, म्हणून सगळे त्यांच्याकडून नेत.

"पाटा जपजो बाई," त्या आईला म्हणाल्या, "मागल्यानं कोपऱ्याचा टवका पाडून आणला. अन् तुह्या नवऱ्याले सांग, पाळण्यात जोडे ठेवत नाईत."

रात्री बाबांनी आमची तयारी घेतली.

"कोठी रायतं?"

"इथंच."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"नागपूर?"

"आजोळ," प्रकाश म्हणाला. तो फार हुशार होता. मग हेच सगळं हिंदीत झालं. मीनाला काहीच बोलायचं नव्हतं, म्हणून ती रडली.

रविवारी सकाळी बाजार बघा, असं मी सांगेन. तिथं कारखाना उभारायला आलेल्या रशियनांपैकी एक बाई वांगी घेत होत्या. त्या प्रत्येक वांगं उन्हात धरून बघत आणि भाजीवाली छत्तीसगढीत त्यांना वांग्याची खात्री देत होती. दोघी आपापल्या भाषेत बोलल्या आणि दोघीही समाधानानं गेल्या. नंतर मरोद्याच्या तलावावर जायचं ठरलं होतं. डब्यात दशम्या भरल्या होत्या. ते राहिलं, कारण तपासणीस लवकर आले.

सडपातळ, घामेजलेले गृहस्थ, बगलेत रजिस्टर. त्यांनी दोरीवरचा फ्रॉक पाहिला. मग पाट्यापाशी थांबले.

"ये सिल मैंने परसों भी देखी है. पीछेवाली लाइन में."

"सब सिल एकसारखीच रहती, साहब," आई म्हणाली.

"और ये टूटा हुआ कोना?"

"कोना भी."

त्यांनी काही लिहिलं नाही. प्रकाशला विचारलं, त्यानं दिवाळी सांगितली. मग माझ्याकडे वळले. माझ्या दोन वेण्या, पांढरे मोजे पाहून त्यांना वाटलं असावं की जरा गोड बोलावं, म्हणून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, कुठल्या शाळेत जातेस, बाळ.

तयारी मराठीत झाली होती, हिंदीत झाली होती. इंग्रजीत खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे उठून उभी राहिले, हात मागं घेतले आणि शाळेचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि नागपूर हे शहर, असं एका वाक्यात सांगितलं. शेवटी 'सर' म्हटलं.

बाबा वरवंट्याकडे बघू लागले. तपासणीसांनी पेनाचं टोपण काढलं.

"तो यहाँ रहता कौन है?"

आई चुलीपाशी होती. हात पदराला पुसून ती पुढं आली.

"ये नानी के पास रहती है, इस्कूल के वास्ते. कल जाएगी. मैं और ये दो छोटे, हम इधरच रहते."

"पक्का?"

"पक्का."

"मैं अगले इतवार फिर आऊँगा. उसके बाद भी."

"आओ ना. चाय पीके जाना."

ते गेले. बाबांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आता तुले राहा लागन."

"मालूम हाय."

"तू तर नाई म्हणत होती."

"तिची शाळा सोडाले नाई म्हणत होती. ते अजूनबी नाईच म्हणतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बेबी, बस खाली. उभी कावून हायस?"

दशम्या आम्ही घरातच खाल्ल्या. तलाव मी पुढच्या मे महिन्यात पाहिला. चांगला आहे, सावली कमी.

सोमवारी सकाळी दुर्गहून आजोबांच्या ओळखीच्या गार्डांच्या हवाली करून मला बायकांच्या डब्यात बसवलं. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर ते खिडकीशी येत आणि विचारत, "हाय ना पोरगी?" मी उभी राहून "हो" म्हणे. आई फलाटावर फार थांबली नाही. मीना झोपली होती आणि तिला पाळण्यात ठेवायचं होतं. पाळणा कुंदामावशींनी अजून परत मागितला नव्हता.

मॅट्रिक होईपर्यंत मी नागपूरलाच राहिले. भिलाईला प्रत्येक सुट्टीत गेले. पाहुणीला देतात तसं मला तिथं पहिलं गरम पाणी मिळायचं. माझ्या भावंडांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे आणि माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा. सहलीतून काय मिळालं म्हणाल तर एवढं. लहान मुलांना न्या, पण त्यांना काय सांगायचं ते सगळ्या भाषांत सांगून न्या.

त्या सोमवारी दिवेलागणीला घरी पोचले, तेव्हा आजीनं माझ्या मागं रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकीचे?" मी दप्तरातली चिठ्ठी दिली. शिसपेनीनं, आईच्या चौथी पास अक्षरात लिहिलेली. आजीला वाचता येत नसे, म्हणून मीच मोठ्यानं वाचली.

"आईस, मी इथं राहिली. जोंधळ्याचा डबा उघडून टाक, किडे होतील. शिलाई मशीन शेजारच्या विमलला दे, तिचं लग्न ठरून राहिलं. प्रकाशची पाटी माहेरी आलेल्या तिच्या बहिणीच्या पोराला. माझी दोन जुनी लुगडी तुला, नवीन कोणाच्या हाती इकडं पाठव. आपल्या बाबांना चष्म्याचं घर शिवलं आहे, ते उशाखाली आहे. माझी खाट बेबीला. ती पडते, भिंतीकडून निजव."