खोकणारी गाडी

नव्वदच्या दशकात दुबईतल्या आमच्या व्हिला कंपाउंडमध्ये रोजच्या फेऱ्यांसाठी गोल्फ कार्ट घ्यायची होती. पेट्रोलची की बॅटरीची, हे ठरवायचं काम माझ्यावर आलं आणि मला तर सायकलपलीकडे काही कळत नव्हतं. म्हणून शारजातल्या एका मेकॅनिककडे गेलो. चिपळूणकडचा, पन्नाशीचा माणूस. बोलताना गॅरेजमधल्या कार्टवर सारखा हात फिरवायचा, म्हैस थोपटावी तसा.

"पेट्रोलची घ्या, उन्हात दमत नाही," तो म्हणाला. मी मान डोलावली. "पण आवाज फार. दुपारी लोक झोपलेले असतात. बॅटरीचीच घ्या." मी पुन्हा मान डोलावली. "पण इथल्या उन्हात बॅटरी लवकर मरते हां."

"मामा, यल्ला, चला लवकर, एक काय ते सांगा!"

तो हसला. "साहेब, पेट्रोलची बंद पडायच्या आधी खोकते. बॅटरीवाली काही बोलत नाही, एकदम थांबते. आमच्यासारखी. बूथवर कार्ड घालून घरी फोन लावला की आम्हीपण शेवटपर्यंत 'मजेत आहे' असंच सांगतो."

मी पेट्रोलची घेतली. बरोबर केलं का, अजून कळत नाही. पण ती खोकली की आठवायचं, तासभर मी त्याला फक्त गाड्यांचंच विचारत बसलो होतो.