इंटरव्हलच्या आधी मरणारा माणूस

सत्तरच्या दशकात सिनेमातले विमान उडाले की पायलट गाणे म्हणे, हवाई सुंदरी हसे आणि मागे बसलेला नॅव्हिगेटर मरे. मरण्यापूर्वी तो कंपासपेटीतल्या कर्कटकाने शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर वर्तुळ काढी. लाल दिवा मिचमिचे, सुई गरगर फिरे आणि तो ओरडे, आपण रस्ता चुकलो. रस्ता चुकू नये म्हणूनच त्याला विमानात बसवतात, हे दिग्दर्शकाला कोणी सांगितले नसावे.

माझा चुलतभाऊ वायुदलात नॅव्हिगेटर होता. त्याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही नागपूरहून सावनेरला गेलो. मुलीचे वडील कापसाचे व्यापारी. असा एक सिनेमा ते नुकताच सीताबर्डीला पाहून आले होते.

"म्हणजे विमान तुमी नाही चालवत," ते म्हणाले.

"नाही. कुठे न्यायचं ते मी सांगतो."

"मग कंडक्टर म्हणा ना जी."

भावाने समजावले: सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजायची, वाऱ्याने विमान किती सरकले याचा हिशेब करायचा, त्यावरून जागा ठरवायची.

"सिनेमात त असं काही नाही दाखवत."

"दाखवण्यासारखं त्यात काही नसतं."

"तेच म्हणून राहिलो मी. अन् तो मरते जी, इंटरव्हलच्या आत. पोरगी कशी देऊ?"

नकार मध्यस्थाकडून आला. भावाला मुलगी आवडली होती. त्याने जेवण कमी केले, तेव्हा काकू त्याला सीताबर्डीच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेली. तिथे पुठ्ठ्याचे कॉकपिट होते, मोठा चष्मा आणि पांढरा मफलरही होता. भाऊ म्हणाला, बंद विमानात हे कोणी घालत नाही.

"तुले ते पोरगी पाहिजे का नाही, तेवढं सांग," काकू म्हणाली.

त्याने चष्मा चढवला. फोटोग्राफरने हातात मोटारीचे स्टिअरिंग दिले आणि टेबलफॅन लावून मफलर उडवला.

फोटो सावनेरला पोहोचला आणि होकार आला. सासऱ्यांनी तो दुकानाच्या गादीमागे टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, जावई विमान चालवतात.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवरीने विचारले, "बंद विमानात वारा कुठून येते जी?"

भाऊ म्हणाला, येत नाही. मग त्याने तिला सगळे सांगितले. बाबांना मात्र काही कळू द्यायचे नाही, असे तिनेच ठरवले.