पाथ बदलणारा व्हायरस

“अहो, काल चालत होतं!” फोनवर जाधव मॅडमचा आवाज चिरकला होता. “तुम्ही पाठ फिरवलीत आणि आज परत तीच एरर.”

मी महाडच्या माझ्या दुकानात एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते. विंडोज एक्सपीचे दिवस होते ते. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई म्हटलं की लोक आधी माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघायचे. मोठ्या मुश्किलीने पोलादपूरच्या एका कॉलेजचं मेंटेनन्स मिळालं होतं, आणि तिथलं एकच मशीन आठवड्यात तिसऱ्यांदा माझी शोभा करत होतं. हात पुसले आणि एसटी पकडली.

मॅडम स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या. जवळच्या कापडे गावच्या भातशेतीवर त्यांची पीएचडी चालली होती. युनिव्हर्सिटीने एकदा मुदत वाढवून दिली होती, ती सोमवारी संपत होती. पुन्हा वाढणार नव्हती. शेवटचा चॅप्टर ‘आर’ नावाच्या, स्टॅटिस्टिक्सची आकडेमोड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर अडला होता. तो झाला नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

आर नुसतं इन्स्टॉल करणं सोपं होतं. घोळ पुढे होता. मॅडमच्या गाइडनी जे पॅकेज दिलं होतं ते तयार जेवण नव्हतं, कोरडा शिधा होता. तो शिजवणारा आचारी म्हणजे कम्पाइलर. आणि आधी काय चढवायचं, नंतर काय, हे आचाऱ्याला सांगणारा ‘मेक’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम. गाइडनी कोडमध्ये दुरुस्ती सांगितली की सगळा स्वयंपाक पुन्हा.

स्टाफरूममध्ये शिरले तर शिपाई तुकाराममामा दारातच भेटले.

“काय गो ताय, परत तूच? त्या डब्याची एकदा दृष्ट काढ बघू. औषधानं बरा व्हायचा नाय तो.”

मी मशीनसमोर बसले आणि कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत नुसतं ‘मेक’ टाइप केलं. पहिल्याच ओळीत टर्बो सीचं, म्हणजे पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायच्या जुन्या सॉफ्टवेअरचं, नाव आलं. म्हणजे या मशीनमध्ये मेक दोन होते. एक आरचा, एक टर्बोचा. कॉम्प्युटर कोणाला बोलावतो ते ‘पाथ’ नावाच्या यादीवर ठरतं. त्या यादीतल्या फोल्डरांत तो क्रमाने हाक मारत जातो आणि जो पहिला ‘ओ’ देईल त्याला कामाला लावतो. टर्बोचा मेक पुढे होता. त्याला आरचा शिधा समजेना.

पण हे तर मी दोन्ही वेळा दुरुस्त केलं होतं! आरचं फोल्डर माझ्या हाताने पहिलं ठेवलं होतं. पहिल्यांदा मला वाटलं, मीच सेव्ह करायला विसरले. दुसऱ्यांदा अँटिव्हायरसवर खापर फोडलं. आता काय सांगू?

“मॅडम, मशीनला आणखी कोणी हात लावतं?”

“छे. म्हणजे ते बसतात कधीतरी.” मॅडमनी हनुवटीने पलीकडच्या रिकाम्या टेबलाकडे दाखवलं. “मोरे सर. कॉम्प्युटर सायन्सचे. आमचं बोलणं नाही.”

मॅडम लेक्चरला गेल्या. मी पाथ पुन्हा नीट केला आणि चहा घेऊन कपाटाआडच्या खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने मोरे सर आले. मशीनसमोर बसले. दोन-चार ठिकाणी क्लिक केलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“च्यायला, परत!”

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी टर्बोचं फोल्डर यादीत पहिलं नेऊन ठेवलं.

“सर, हे काय करताय?”

“बरं झालं, भेटलात!” सर उलट माझ्यावरच घसरले. “मेंटेनन्स तुमच्याकडे आहे ना? या मशीनला व्हायरस आहे. मी रोज पाथ नीट करतो, रोज कोणीतरी बिघडवतं. टीवायच्या पोरांची टर्बोतली प्रोजेक्ट्स मी तपासायची कशी?”

मला हसावं की रडावं कळेना. आठवडाभर मी ज्या व्हायरसला शोधत होते तो समोर बसला होता, आणि त्याच्या हिशेबाने व्हायरस मी होते.

तेवढ्यात मॅडम परत आल्या. मी सगळा प्रकार सांगितला. भांडण लगेच सुरू झालं, पण माझ्यामार्फत.

“त्यांना सांगा, माझी सोमवारची मुदत आहे.”

“त्यांना म्हणावं, माझ्याकडे बाहेरून परीक्षक येणार आहेत.”

दोघांमध्ये एका टेबलाचं अंतर. गॅदरिंगच्या कसल्याशा कमिटीवरून हा अबोला होता म्हणे. माझं डोकं फिरलं.

“बास! दोघंही खुर्चीवरून उठा.”

उठले बिचारे. मी दोघांचीही फोल्डरं त्या सामायिक यादीतून काढून टाकली. मग दोन बॅच फाइल्स लिहिल्या, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या दोन चिठ्ठ्याच. एक उघडली की तेवढ्या खिडकीपुरता आरचा मेक पहिला, दुसरी उघडली की टर्बोचा. खिडकी बंद केली की मशीन जसं होतं तसं. डेस्कटॉपवर दोन आयकॉन ठेवले. एकाला नाव दिलं ‘मॅडम’, दुसऱ्याला ‘सर’.

“त्यांचा वर का?” सरांनी विचारलंच.

मी दोन्ही आयकॉन एका ओळीत आणले.

मॅडमनी आपल्या आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि कमांड दिली. ओळी धावायला लागल्या. मॅडमनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. सगळ्यात शेवटी ‘डन’ उमटलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

“झालं?” मोरे सरांनी विचारलं. या वेळी मला नाही.

“झालं. पण आता सगळा डेटा चालवायचा. दोन दिवस मशीन चालूच ठेवावं लागेल.”

सरांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं.

“मग शनिवार-रविवार तुमच्याकडेच ठेवा. माझं मंगळवारी आहे.”

सोमवारी थीसिस पोचला. त्यानंतर मी पुष्कळ ऑफिसांतली मशीन्स दुरुस्त केली. ‘आपोआप बिघडतं’ अशी तक्रार आली की स्क्रूड्रायव्हर बाहेर काढायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते: इथे कोण कोणाशी बोलत नाही?