होसकोट्याच्या तळ्यावर नाव घेताना

पक्षी बघायला तळ्यावर जाताना मी उंच टाचांच्या पांढऱ्या सँडल घातल्या होत्या, यावरून माझी तेव्हाची अक्कल कळावी. वर गॉगल. जानेवारीतली पहाट, समोरचा ट्रक हॉर्न दिल्यावर कळावा इतकं धुकं, आणि बाईसाहेब गॉगल लावून स्कूटरवर मागे बसलेल्या. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी चाळिशीच्या अलीकडे होते आणि बॉयकट केल्यापासून आपण फार पुढारलेल्या आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

आमचे हे जन्मापासून बेंगळुरातले. आजेसासऱ्यांपासून घर यशवंतपूरला; दाराच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि जेवताना दोन्ही एकाच ताटात. मी साताऱ्याची, लग्न होऊन आलेली. यांना त्या हिवाळ्यात पक्ष्यांचं वेड लागलं होतं. कारखान्यातल्या कुणाची तरी जुनी दुर्बीण मागून आणली होती आणि आठवडाभर एकच घोकणं चालू होतं: होसकोट्याच्या तळ्यावर राजहंस उतरलेत, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले.

"हिमालयावरून उडत येतात," हे म्हणायचे. "हिमालयावरून. आणि तुला होसकोट्यापर्यंत जायचा कंटाळा."

मुलांना सासूबाईंकडे ठेवून आम्ही निघालो.

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी भाषण ठोकलं होतं. नवऱ्याला नावानं हाक मारण्यात कसलं पाप? नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. ही असली खुळं आपण किती दिवस जपायची? बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी रुबाबात खाली उतरले आणि दाराशी उभ्या असलेल्या यांना म्हणाले, "अहो, माझी पर्स कुठाय?" ते फक्त सासूबाईंनी ऐकलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "भाषण झकास झालं. आता एकदा मारून दाखव हाक." मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. गॅसवर काही नव्हतं.

तळ्याच्या बांधाखाली एक लहानसं देऊळ आहे, तिथं यांनी स्कूटर लावली. बांधावर चढलो तर समोर तळं नव्हतंच. पांढरं काहीतरी भिंतीसारखं उभं होतं आणि त्या भिंतीपलीकडून आवाज येत होते. राजहंस म्हणजे काहीतरी मंजूळ असेल असं मला वाटलं होतं. हे घोगरं, नाकातलं, शेकडो म्हातारी माणसं एकाच वेळी खोकत बसल्यासारखं. कुठून येतंय तेही कळेना. घटकेत उजवीकडून, घटकेत पायाखालून.

"इथूनच बघा की," मी म्हटलं.

"इथून काय बघू, धुकं?" यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाणी मागं हटून तळ्याचा बराच भाग उघडा पडला होता, वरून वाळलेला चिखल. "स्वल्प पुढे जाऊन येतो. तू हलू नकोस."

"हिमालय ओलांडू नका म्हणजे झालं," मी म्हटलं. हे हसले आणि दहा-बारा पावलांत दिसेनासे झाले. आधी पाय गेले, मग दुर्बीण, मग डोकं. मला तेव्हा त्याची गंमत वाटली.

मागं कुणीतरी थुंकलं. वळून पाहिलं तर एक म्हातारी, डोक्यावरून कांबळं, दोन म्हशी घेऊन बांधावर उभी होती.

"तुझा माणूस आत गेला का अम्मा?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"हो अज्जी. पक्षी बघायला."

"आत खड्डे आहेत."

माझं कन्नड तेव्हा भाजीपुरतं होतं, पण खड्डे मला कळले. तिनं हातानं दाखवलं: उन्हाळ्यात वीटभट्टीवाले तळ्यातली माती उपसून नेतात, माणूसभर खोल, काही त्याहूनही. पावसात ते भरतात. पाणी ओसरलं की वर शेवाळ येतं, धूळ बसते, आणि ते चिखलासारखंच दिसतं. ऊन असलं तर रंगावरून ओळखता येतं. आज ऊन नव्हतं.

"माझी म्हैस गेली गेल्या वर्षी," म्हातारी म्हणाली. "शिंगं बराच वेळ दिसत होती." पानाची पिचकारी टाकून तिनं पुढं सांगितलं, "भट्टीवरचा एक माणूसही गेला. तो नाही दिसला."

मी खाली उतरायला निघाले. तिनं माझा दंड असा धरला की त्याची निळी खूण मला घरी आल्यावर दिसली. "एक गेला की त्याला शोधायला दुसरा जातो," ती म्हणाली. "इथं तसंच होतं. हाक मार."

मी हाक मारली. "अहो."

राजहंसांचा कालवा चालूच होता. मी पुन्हा ओरडले, "अहो, परत या." त्या कालव्यात माझा आवाज कुठल्या कुठे गेला. मग खूप लांबून यांचा आवाज आला, "आलो, आलो." मला हायसं वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा "आलो" ऐकू आलं, आणि ते आधीपेक्षा लांब होतं.

त्यांना बांध उलट्या बाजूला वाटत होता. ते परत येत होते, पण आत.

स्कूटरचा हॉर्न वाजवावा तर किल्ली यांच्याच खिशात. देवळाला कुलूप, घंटा कुलुपाच्या आत. मी "अहो, अहो" करत बांधावरून इकडून तिकडे पळत होते, टाचा मातीत रुतत होत्या, आणि त्यामुळे माझी हाकही दर वेळी निराळ्या जागेवरून जात होती. मग अचानक राजहंस गप्प झाले. सगळे एकदम. त्या शांततेत पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. फार मोठा नाही. कळशी बुडावी तेवढा.

"नाव घेऊन हाक मार," म्हातारी म्हणाली. "अहो तर कुणीही असतं."

मी तोंड उघडलं. टाळ्या घेणारं तोंड, बॉयकटाखालचं. त्यातून नाव निघेना. ओठ त्या पहिल्या अक्षरापर्यंत येत आणि थांबत. ज्या समजुतीला मी भर सभेत खुळचट म्हटलं होतं, तीच माझ्या जिभेवर बसून होती: आत्ता, इथं, या पाण्याकाठी घेतलंस, तर काय होईल? म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिला कारण विचारावं लागलं नाही. "आमच्यातही घेत नाहीत," एवढंच म्हणाली आणि म्हशीकडे वळली.

मला नाव घ्यायची एकच रीत ठाऊक होती. लग्नात घेतलं होतं, बारशात घेतलं होतं, पाठ होतं. मी त्या धुक्याकडे तोंड करून, एका जागी उभी राहून, मंगलकार्यात घेतात तसा खणखणीत उखाणा घेतला:

"चांदीच्या वाटीत शेवयांची खीर, —रावांचं नाव घेते, धरा जरा धीर."

तिकडून काही नाही. मी दुसरा घेतला. "पितळी डब्यात बेसनाचे लाडू, —राव म्हणतात, जुनी भांडणं नको काढू." आणि मग मी थांबलेच नाही. श्वास घ्यायला थांबले की तेवढ्यात काहीतरी होईल असं वाटायचं. केळी, कापूर, कृष्णा नदी, माहेरची तुळस, जे आठवेल ते. प्रत्येक ओळीच्या पोटात ते नाव. आवाज फाटत चालला. धुक्यात कुठंच काही हलत नव्हतं, "आलो"ही येत नव्हतं, आणि मला वाटू लागलं की मी आता फक्त पाण्याला यांचं नाव सांगते आहे. पाठ होते ते सगळे संपले. मग मी उभ्या उभ्या जुळवला, यमकही लंगडं: "तळ्यावर धुकं, दिसेना वाट, —राव, इकडे या, इथे आहे काठ." तोच पुन्हा. तोच पुन्हा. म्हातारीला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती कांबळ्यातून हात काढून उभी होती.

आधी डोकं दिसलं. मग खांदे. हे एकेक पाऊल चाचपत, माझ्या तोंडाकडे बघत येत होते, आंधळा माणूस आवाजाकडे येतो तसे. कमरेपर्यंत काळे. दुर्बीण गळ्यात नव्हती. बांधाला हात लागला तेव्हा ते खालीच बसले.

"दुर्बीण पडली," म्हणाले. दात वाजत होते. "मी पाय टाकला आणि खाली काही नव्हतंच. मागच्या पायावर बसलो म्हणून. मग हललोच नाही. कुठल्या बाजूला हलायचं कळत नव्हतं. तुझं अहो सगळीकडून येत होतं."

"आणि मग?"

"मग ते लाडू आले." यांनी चिखलाच्या हातानं तोंड पुसलं. "एकाच जागेवरून. लांबलचक. त्याला धरून आलो." मग हळूच म्हणाले, "परत घे ना."

"अहो, आधी पाय पुसा," मी म्हटलं. नाव पुन्हा घशाच्या खाली गेलं होतं.

ऊन वर आलं तसं धुकं पाण्यावरून उचललं गेलं. पलीकडच्या काठाला राजहंस शांत चरत होते, जसं काही झालंच नव्हतं. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे फार पाहिलं नाही. समोर तळ्याचा उघडा भाग होता आणि त्यात हिरवट, सपाट, काळसर असे खड्डे, एकमेकांना लागून, मधे हातभर मातीचे वरंबे. यांची पावलं त्या वरंब्यांवरून स्पष्ट गेलेली होती, जाताना बेफिकीर, लांब लांब. सगळ्यात आतल्या खड्ड्याच्या कडेला एक पाऊल अर्धंच उठलं होतं, नुसती टाच. पुढचा भाग पाण्यावर होता. तिथून पावलं वळली होती आणि बांधाकडे येताना एकमेकांना चिकटलेली होती.

म्हातारी म्हशी हाकत निघून गेली. हे त्या अर्ध्या पावलाकडे बघत होते, मीही. तिथून हे वळले तेव्हा मी कितव्या उखाण्यावर होते, आणि पाठ होते ते आणखी थोडे आधी संपले असते तर काय, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.