केशवरावांचे तीन पिस्टन

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी जुन्या वह्या रद्दीत काढत बसले होते. "मॅडम, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "चहा घेतला, परत आडवे झाले, आणि झोपेतच..." मी केशवरावांच्या रामघाटावरच्या घरी पोहोचले तेव्हा सगळी तयारी झाली होती. कोणीतरी मला विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?" नातं काहीच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून एक इंजिन केलं होतं. खरं सांगायचं तर इंजिन त्यांनी केलं, मी त्यात एक चूक केली. ती गोष्ट गेले काही आठवडे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची. भौतिकशास्त्र शिकवायला बनारसला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. केशवरावांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्यांपासून इथलं, यात्रेकरूंची पूजा सांगणारं. त्या घरात जन्मून हा माणूस रेल्वेच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागला. वडील वर्षभर बोलले नाहीत, असं ते हसत सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी धातू कातायचा, भंगारात गेलेला एक लहान लेथ मिळवला. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून तो सुटा करून नावेतून घाटावर आणला आणि चौघांनी पायऱ्या चढवून वरच्या खोलीत नेला. नावाड्यानं विचारलं, "गुरुजी, ई कौन देवता हैं?" केशवराव म्हणाले, "भारी देवता हैं, जरा सँभाल के."

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका असं ऐकून माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते मोबाइल पुढे करूनच. त्यात एक छोटं चाक गरगर फिरत होतं आणि खाली फक्त एक दिवा. "मॅडम, ह्यात पेट्रोल नाही, वाफ नाही. मग हे फिरतं कशावर?" मी सांगितलं, हवेवर. आतली हवा कोंडलेली असते. ती तापली की फुगते आणि पिस्टनला ढकलते, थंड झाली की आकसते आणि पिस्टन मागे येतो. त्याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात. हवा गरम बाजूकडून थंड बाजूकडे नेण्यासाठी आत एक हलका डबा पुढेमागे सरकतो, तो भिंतींना कुठेच घासत नाही. केशवराव ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे जावयासारखा. कुणाला चिकटत नाही, पण त्याच्या जाण्यायेण्यानं सगळं घर हलतं." मी वीस वर्षं हा विषय फळ्यावर शिकवला होता. चालतं इंजिन एकदाही पाहिलं नव्हतं, हे मला त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं. ते म्हणाले, "मग करू या की. तुम्ही कागदावर काढा, मी धातूत काढतो."

त्यांना घाई का होती ते मला महिनाभरानं कळलं. उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. कपातला चहा बशीत सांडायचा, पण लेथच्या चाकावर मनगट टेकवलं की हात शांत व्हायचा. तरी जोखीम नको म्हणून सुधावहिनी बटणाजवळ स्टूल टाकून बसायच्या आणि "अहो, बास" म्हणत यंत्र बंद करायच्या. मला वाटतं, त्या खोलीत सगळ्यात जास्त लक्ष त्यांचंच असे.

मी हिशेब करून आकृती दिली. पितळेचं चाक, स्टीलच्या नळीचं गरम टोक, बीडाचा पिस्टन. तो पिस्टन सिलिंडरमध्ये इतका नेमका बसायला हवा की सिलिंडरचं खालचं तोंड बोटानं बंद केलं तर तो जागच्या जागी थांबावा, बोट काढलं तर स्वतःच्या वजनानं अलगद उतरावा. तेल चालत नाही, तेलानं तो जड होतो. हे शेवटचं घासकाम हातानंच करायचं असतं, आणि तेच त्यांना सगळ्यात कठीण होतं. बारा दिवस ते रोज थोडं थोडं घासत होते.

दिवाळीनंतर इंजिन जोडून झालं. स्पिरिटचा दिवा लावला, चाकाला बोटानं धक्का दिला. दोन फेरे झाले आणि चाक थांबलं. परत दिला, परत थांबलं. "आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी म्हणाले, "हवा गळत असेल." त्यांनी वाद घातला नाही. दुसरा पिस्टन केला. तोही तसाच. तिसरा करायला घेतला तेव्हा थंडी सुरू झाली होती आणि हात जास्तच हलत होता. एका दुपारी मी गेले तर ते टेबलावर हात ठेवून नुसते बसले होते. "मॅडम, तुमचं गणित बरोबर आहे. माझाच हात आता खोटं बोलायला लागलाय..." मी त्यांची समजूत काढली. गणित पुन्हा तपासलंसुद्धा. ते बरोबरच होतं.

तिसरा पिस्टन बसवल्यावर आठवड्यानं त्यांचा फोन आला. "या. पण सावकाश या, ते थांबणार नाही." मी धापा टाकत पायऱ्या चढले. इंजिन चालत होतं. टिकटिकटिक असा अगदी बारीक आवाज. चाकाच्या कडेवर खिडकीतला उजेड फिरत होता. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. वहिनी अवघडून सांगत होत्या, "मी नुसतं फडक्यानं चाक पुसत होते हो. दिवा विझवायचा राहिला होता, माझा हात उलटा फिरला..."

उलटा. मी भिंतीवरच्या माझ्या आकृतीकडे पाहिलं. चाक कोणत्या दिशेनं फिरवायचं तो बाण मीच काढला होता, आणि तो चुकीच्या दिशेला होता. पहिला पिस्टनही चालला असता.

"केशवराव, चूक माझी आहे."

"हो. सकाळीच कळलं."

"मग फोनवर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आल्याबरोबर बाण बघितला असतात. मला वाटलं, आधी इंजिन बघावं तुम्ही."

मला रडू आलं. थरथरत्या हातानं दोन जादा पिस्टन घासलेला हा माणूस माझ्यासाठी पाणी आणायला उठला. "बाणावर शंका घ्यायची माझी हिंमत झाली नाही, तीही चूकच," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

पुढे माझ्या जुन्या कॉलेजात आम्ही ते इंजिन दाखवलं. मुलांनी विचारलं, किसने बनाया? केशवराव म्हणाले, "डिज़ाइन मैडम का है, हम तो बस लेथ पर खराद किए हैं." मग मी उठून उलट्या बाणाची गोष्ट सांगितली, सगळीच्या सगळी. बाहेर आल्यावर ते नाराज होते. "कशाला सांगितलंत? मुलांसमोर शिक्षकानं..." मी म्हटलं, शिक्षक आहे म्हणूनच सांगितलं. घाटापाशी आल्यावर म्हणाले, "बरं केलंत. एक पोरगी वहीत दोन्ही दिशांना बाण काढत होती."

त्यानंतर वर्षभर त्यांचा हात बिघडतच गेला. शेवटी शेवटी जेवणही वहिनी भरवत. पण इंजिनाबद्दल बोलताना आवाज कधी थरथरला नाही.

परवा मी त्या खोलीत गेले. वाटलं होतं, कुलूप असेल. आतून लेथचा आवाज येत होता. वहिनी चष्मा लावून, पदर घट्ट खोचून पितळेचा एक तुकडा कातत होत्या. मला बघून त्यांनी यंत्र थांबवलं. "ह्यांनी गेल्या उन्हाळ्यात शिकवायला घेतलं होतं. म्हणाले, तुझा हात स्थिर आहे. मी म्हटलं, या वयात काय करू शिकून? तर म्हणाले, कर तर..." त्यांनी तुकडा सोडवून खिडकीपाशी धरला. एका बाजूला तो किंचित जाड राहिला होता. मी म्हटलं, छान झालाय. वहिनींनी मान हलवली.

"नाही मॅडम. हे त्यांनी परत करायला लावलं असतं." पण तुकडा लगेच पुन्हा यंत्रावर लावला नाही. आधी माझ्या हातात दिला. "बघा, पण सांभाळून. अजून गरम आहे."